येतो

स्वयंपाकघरातला नळ
आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून गळतोय.
शरणपूरहून उपासना आटोपून आले,
साडीही न बदलता कुकर लावायला गेले
आणि पाय ओला.
तेव्हापासून सिंकखाली निळी बादली,
बादलीत थेंब,
थेंबात माझी झोप.

इलियासभाईंना रोज फोन.
"येतो ताई, निघालोच, द्वारकेला अडकलोय."
द्वारकेला कोण अडकत नाही?
पण नऊ दिवस?

या शहरात सगळेच येतो म्हणतात.
गॅसवाला म्हणतो.
लिफ्टवाला म्हणतो, आणि सासूबाई
चौथ्या मजल्यावरून समोरच्या भिंतीवरचं ऊन
नुसतं बघत बसतात.
शारजातून सुमेध म्हणतो, दर नाताळाला,
आणि मग विमानाच्या तिकिटांचे भाव सांगतो.

जाताना जाते म्हणू नये,
येते म्हणावं, हे आईनं शिकवलं.
उंबऱ्याला वाईट वाटतं म्हणायची.
शांतवनही तसेच गेले,
सिव्हिलच्या स्ट्रेचरवरून, मास्क बाजूला करून,
"येतो गं."
त्यांच्या चपला मी अजून दाराच्या आत ठेवते.
बाहेरच्या चोरीला जातात,
असं सांगते, कुणी विचारलं तर.

पाळकसाहेब म्हणाले, वाट पाहणं हीसुद्धा उपासना.
मी मनात म्हटलं, साहेब,
तुमचा नळ गळत नाही.
मग लाज वाटली.
मग रात्री तीन वाजता, टप्, टप्,
पुन्हा नाही वाटली.

जांभळ्या मेणबत्त्या यंदा मेनरोडला मिळाल्या नाहीत.
दिवाळीतल्या उरलेल्या पांढऱ्यांना
जांभळा कागद गुंडाळला, वाळूच्या ताटात रोवल्या.
तिसऱ्या रविवारची गुलाबी
केकच्या दुकानात सापडली, वाढदिवसाची,
तीनचा आकडा.
दुकानदार म्हणाला, बाळ तीन वर्षांचं का?
म्हटलं, अजून जन्मायचंय.

मंगळवारी रात्री साडेनऊला लाइट गेली.
निफाडकडची थंडी फटीतून आत शिरत होती.
दार वाजलं.
चार मजले चढून, कानटोपीत, धापा टाकत,
अंगठ्याला पट्टी बांधलेले इलियासभाई.
"सॉरी ताई. हात कापला होता."
मी नऊ दिवस एकदाही विचारलं नव्हतं, का.

त्यांच्या मोबाइलला चार टक्के. माझा बंद.
जांभळ्या दोन जळून नखाएवढ्या,
चौथी काही केल्या पेट घेईना.
गुलाबी पेटवली.
आतून सासूबाई, "अगं, ती पुढच्या रविवारची ना?"
हो. पुढच्या रविवारची.

ते सिंकखाली आडवे झाले.
"ताई, उजेड जरा खाली."
मी वाकले.
"अजून खाली."
गुडघे टेकले, कुरकुरत, ओल्या फरशीवर.
"अजून थोडा."
तिथे शेवाळ होतं, गंजलेला पाइप,
जूनमध्ये हरवलेला चहाचा चमचा,
आणि एका माणसाचा घामेजला चेहरा.
मेण बोटावर ओघळलं, मी हात हलवला नाही.
मी किती दिवस वर बघत होते, प्रभू,
गच्चीवरच्या त्या चांदणीकडे,
जिचा बल्ब दोनदा उडाला.
उजेड खाली न्यायचा असतो,
अजून खाली,
पार गळतीपर्यंत,
हे तू गव्हाणीतून सांगत होतास
आणि मी बादली रिकामी करत होते.

"वायसर बदललाय. नाताळपर्यंत टिकेल.
मग पाइपच बदलू."
आकड्याचं वरचं पोट वितळून गेलं होतं.
उरलेल्या उजेडात त्यांनी चहा घेतला,
पैसे मोजले नाहीत,
कानटोपी चढवली.
"येतो ताई."

"या," मी म्हटलं.
जिन्यात त्यांची पावलं उतरत गेली,
दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली.
मी तशीच उभी, दार धरून,
काळोखात पुन्हा एकदा म्हटलं, "या."
कुणाला म्हटलं, सांगता येणार नाही.

आतून सासूबाई ओरडल्या,
"दार लाव गं, गार वारं येतंय."
लावते, म्हटलं.
लावलं नाही लगेच.