दोन हजारांत हॅकर

पुस्तक म्हणते, सुरुवातीला प्रत्येकाला दोन हजार.
कुठल्या देशाचे, कुठल्या सालचे, कळत नाही;
झेरॉक्समध्ये ते पान काळं आलं.
आम्ही रुपयेच धरले.

साकोलीच्या अलीकडे, फाट्यावर,
माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
बुधवारी बाजार उठला की शटर अर्धं खाली,
काउंटरवरचे पोट उघडे फोन बाजूला सारतो
आणि त्या जागी शहर मांडतो:
नव्वद मजल्यांचं, निळ्या-गुलाबी दिव्यांचं,
जिथं कोणी ना कोणी सतत कोणाचं काही विकत घेत असतं,
डोळा, हात, आठवण.
फासे दोन. एक लुडोतला.
एक भोजराजनं सागाच्या तुकड्यातून घासून काढलेला,
त्याला चाराचा आकडा जरा जास्त आवडतो.

भोजराजनं लोखंडी हात घेतला. एकोणीसशे.
उरलेल्या शंभरात बूट.
यादोरावनं डोळा घेतला, अंधारात पाहणारा.
धानाला पाणी द्यायची थ्री फेज
त्याच्याकडे रात्री दीडला येते.

हिरकन्या दिवसभर सेतू केंद्रात बसते,
म्हाताऱ्यांचे अंगठे पुसून पुसून मशीनवर टेकवते,
मशीन म्हणते, ओळख पटली नाही.
तिनं यादी मागितली, पेन्सिल मागितली.
मी म्हटलं, हॅकर घेऊ नको,
त्याचं नुसतं मशीनच अठराशेचं,
दोन हजारांत तो बनत नाही.
"कावून नाही बनत?"

मशीन जुनं, नऊशे. स्क्रीन फुटकी.
"फुटक्यातूनबी वाचता येते मले."
कवटीतलं सॉकेट नको,
वायर दातानं सोलून हातानंच धरीन.
वायर चारशे वीस, चांगली, त्यात कंजुषी नाही.
चिलखत नाही. पंखा दीडशेचा, राहू दे.
घर?
"धोब्याच्या दुकानामागं. गरम हवा फुकट."
बॅटऱ्या दोन, सहाशे.
अगं, या शहरात लाइट जातच नाही.
"तुमची नसन जात. माह्या पोरीले सवय आहे."
उरले ऐंशी.
"ऐंशीचा खर्रा."
यादीत खर्रा नाही.
"लिही."

लिहिला.

कंपनीच्या दारावर भोजराजनं हात मारला,
दार तुटलं, भोंगा वाजला, गोळ्या सुटल्या.
हिची पोरगी मागच्या गेटवर,
वॉचमनजवळ उकिडवी बसलेली,
पन्नी चोळत.
"पासवर्ड क्यालेंडरच्या मागं असते,
सगळ्या हापिसात."
सागाचा फासा टाकला.
चार.

तिसऱ्या बुधवारी ती मेली.
मशीन तापलं. पंखा नव्हता.
आकडा मी पुस्तकाच्या आडोशाला टाकला होता,
खोटं बोलता आलं असतं,
बोललो नाही.
हिरकन्यानं नाव स्वतःच खोडलं,
थंड झालेला चहा संपवला,
मग म्हणाली,
"मेलीचं मशीन कितीले देतो?"

पुस्तकात असा नियम नाही.
असेल तर त्या काळ्या पानावर.
तीनशे, मी म्हटलं.
"दोनशे. जळकं आहे."

आता पाचवी चालू आहे.
मशीनच्या बुडाशी खिळ्यानं कोरलेली नावं:
बिजली, सुगंधा,
एक नुसतीच नंबर तीन,
कारण त्या दिवशी गिऱ्हाईक होतं, घाईत बनवली,
मग तुळसा.
पाचवीनं नाव अजून कोरलेलं नाही,
आधी जगून पाहतो म्हणते.
या वेळी पंखा घेतला,
तर खर्ऱ्याला पैसे उरले नाहीत.

दीड वाजत आला.
यादोराव उठला, टॉर्च घेतली, चप्पल शोधली,
मोटार सुरू करायला निघाला.
त्याचा कागद टेबलावर तसाच.
हिरकन्यानं तो स्वतःकडे ओढला,
शटरखालून वाकणाऱ्या पाठीला विचारलं,
"डोळा भाड्यानं देतो का बे,
तू येतपर्यंत?"