तळघरातलं कपाट

मॅनिटोबात आज उणे तीस.
चर्चच्या तळघरातून आणलेली कादंबरी
हेलेना डिक ओव्हनच्या उबेला बसून वाचते.
प्रवचनात तिला डुलकी लागते, नाकारत नाही ती;
इथे मात्र दीड वाजला रात्रीचा
आणि दानपेटी फोडणारा तो गिरणीवाला
अजून कबुली देत नाही.

"बोल रे मेल्या," ती पुटपुटते.
मग ओशाळते:
ही तर प्रार्थनाच झाली,
जो कधी जन्मलाच नाही त्याच्यासाठी.

मागच्या खिशातल्या कार्डावर
शेवटचं नाव सुसाना थीसन.
कुंपणावरून अकरा वर्षं अबोला.
पान दोनशे चारवर कॉफीचा डाग,
म्हणजे तीही इथेच अडखळली होती.

हेलेना डागावर बोट ठेवते.
बाहेर कुंपण बर्फात बुडालेलं.
पान उलटायला
तिला बराच वेळ लागतो.