जातीच्या रकान्यात

चवथ होऊन गेली, म्हादईचं पाणी जरा निवळलं
तेव्हा शाणू गांवकर म्हणाला, आता चल.
डोक्याला विजेरी, खिशात ध्वनिमुद्रक,
जळवांसाठी मिठाची पुरचुंडी,
गमबुटांत शिरलेलं पाणी पचक पचक.

सोनाळच्या बाजूला सडा आहे. पलीकडेही सडाच.
तोच तांबडा, भोकाभोकांचा जांभा,
तेच अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक,
तीच पाठीवर हळदीची रेघ.
मापपट्टी लावली, बोटांमधला पडदा पाहिला.
दोन बाटल्या शेजारी ठेवल्या
तर माझी मीच गोंधळेन, कुठली कुठली.

पण अलीकडचा म्हणतो: टिक. टिक-टिक. टिक.
सोनाराच्या हातोडीसारखा, मोजून मापून.
पलीकडचा एकदम सांडतो,
तुटलेल्या माळेतून मणी घरंगळावेत तसा.
अलीकडचा आवाज मी पलीकडे वाजवला.
नुसतं पाणी ऐकू आलं.
पुन्हा वाजवला. पाणी.
"हे दोन वेगळे," शाणू विडी शिलगावत म्हणाला,
"माझ्या आज्यालाही ठाऊक होतं.
त्याच्याकडे हे यंत्र नव्हतं, एवढंच."

व्याख्या मला पाठ आहे.
जे आपसांत जुळतात, ज्यांची पिल्लं पुढे पिल्लं देतात
ते एका जातीचे.
परीक्षेत लिहिली होती, दहापैकी नऊ मिळाले.
एक गुण कुठे गेला ते आता कळतं.
बाटलीतल्या बेडकाला कोण विचारणार,
तू कुणाशी जुळला असतास?
दगडात उमटलेल्या शिंपल्याला?
आणि त्या पालीला, जिला नरच लागत नाही,
जी एकटीच लेकींनी भिंत भरून टाकते?

तिकडे आल्दिना प्रयोगशाळेत बसून अक्षरं मोजते,
चारच अक्षरांची लांबच लांब ओळ.
शंभरात तीन वेगळी निघाली.
साडेतीन असती तर बरं झालं असतं, म्हणाली.
साडेतीनच का?
"कुठेतरी रेघ मारायला हवी ना, बाय."

नदीने काही रेघ मारली नव्हती.
ती आपली खणत राहिली, जांभा झिजत राहिला,
एका सड्याचे दोन सडे झाले.
भांडण नाही, रुसवा नाही, वाटणीचा कागद नाही.
बापाच्या हाकेहून लेकाची हाक केसभर लांबली,
इकडच्या माद्यांना ती आवडली,
झालं.
असे हजारो पावसाळे, केसभर, केसभर.
परके झाले तो पावसाळा बोट ठेवून दाखवता येत नाही,
जशी दाखवता येत नाही ती दुपार
जेव्हा बार्देशातली कोकणी ऐकून
साष्टीतली एखादी म्हातारी पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या रात्री शाणूने होडी नदीतल्या बेटाला लावली.
बेट कसलं, एक खडक, चार जांभळी,
खळग्यात साचलेलं गुडघाभर पाणी.
तिथे एकटाच बोलत होता:
टिक. टिक-टिक. टिकटिकटिकटिक.
सुरुवात इकडची, शेवट तिकडचा.
मी इकडचं वाजवलं, उत्तर आलं.
तिकडचं वाजवलं,
तेवढ्याच हौसेने उत्तर आलं.
शाणू पोट धरून हसला.
"आता ह्याका विचार!"

नोंदवहीत रकाना असतो: जात.
शाळेच्या दाखल्यावरही हाच शब्द होता.
तिथे बाबांनी पेन बराच वेळ
कागदाच्या वर धरून ठेवलं होतं,
मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले होते.
मीही धरून ठेवलं.
बेडूक जात होता,
ओल्या जांभ्यावरून, विजेरीच्या उजेडाच्या कडेकडेने,
एक उडी इकडे,
मग काही आठवल्यासारखा थबकून
दुसरी भलतीकडेच.

'जात' हा शब्द मी ऐकत राहिले.
नाम म्हणून तो दगडासारखा बसून असतो.
क्रियापदात घातला की चालू लागतो,
पोचल्याचं मात्र सांगत नाही.

जांभळीवरून टपकलेल्या थेंबाने
रकान्याची एक कड विरघळली.
तेवढ्यात शाणूने वल्हं उचललं.
"होडी खंय लावूं गो," त्याने विचारलं,
"हांगा काय थंय?"