पिवळी घंटा

दुकानदार म्हणाला, सगळे पोपट यावर तुटून पडतात.
साडेअकरा युरो. लाकडाचे ठोकळे, सुती दोरी
आणि टोकाला लिंबाएवढी पिवळी घंटा.

मी पिंजऱ्यात हात घातला
आणि बॉन्ने,
चोवीस वर्षांचा, राखेच्या रंगाचा,
एक शेपटीच तेवढी निखारा,
असा किंचाळला
की पलीकडची हिल्त्ये
लोकरीचा गुंडा पायात घोळवत धावत आली.
काय झालं?
काही नाही. घंटा आणली.

रात्रभर तो मागच्या गजाला चिकटून,
अंग चोरून, चोच अर्धी उघडी,
बुबुळं बारीक, मोठी, बारीक.
जणू मी पिंजऱ्यात मांजर टांगलं होतं.
तो झोपला नाही.
मी तरी कुठे झोपले.

पक्ष्यांची डॉक्टरीण म्हणाली,
घंटा बाहेर काढा. खोलीच्या त्या टोकाला ठेवा.
रोज एक फरशी पुढे.
आणि त्याच्यासमोर तुम्हीच खेळा तिच्याशी.
त्याला कळू दे, ही कुणाला खात नाही.

आमच्या फ्रीसलंडात संध्याकाळीही खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत.
त्यामुळे पोस्टमन व्होपकेनं पाहिलं,
एकाहत्तर वर्षांची बाई जमिनीवर फतकल मारून
एक घंटा हलवते आहे
आणि तिला म्हणते आहे, किती गं गुणाची तू!
त्यानं पत्रं हळूच दारात ठेवली
आणि गेला. बेल न वाजवता.

चौदा फरश्या.
नवव्या दिवशी माझाच धीर सुटला,
दोन सरकवल्या एकदम.
त्यानं दाण्याला चोच लावली नाही.
पुन्हा पहिल्या फरशीपासून.

त्या रिकाम्या फरश्यांकडे बघत बसले होते
तेव्हा आठवलं.
एकतीस वर्षं मी हा पूल उचलला, हा खिडकीबाहेरचा.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
होड्यांवर सोडायचे,
लोक त्यात नाणी टाकायचे,
कधी पेपरमिंट, एकदा एक जिवंत खेकडा.
मग एके दिवशी लेवार्डनला नेऊन
त्यांनी एक खोली दाखवली मला:
अकरा स्क्रीन, एक खुर्ची, कानावर चढवायचं काहीतरी.
इथे बसून सगळे पूल उचलायचे, म्हणाले,
सोपं आहे. सोमवारपासून या.
मी कोट काढलाच नाही.
पाठ दाराला लागली होती.
हट्टी आहे बाई, असं कुणीतरी कुजबुजलं.
हट्ट नव्हता तो.
पण ती खुर्ची
माझ्यापुढे एकेक फरशी
कुणी सरकवली नव्हती.

आता जून लागला. घंटा बाराव्या फरशीवर.
बॉन्ने तिच्याकडे एका डोळ्यानं पाहतो,
दुसरा दाराकडे.
घंटा ज्या खोक्यातून आली
त्या खोक्याचा मात्र त्यानं पार भुगा केला आहे,
किमतीची चिठ्ठी तेवढी शिल्लक ठेवून.
(साडेअकरा युरो. वाचायला येत असावं.)

आज संध्याकाळी खिडकी उघडी होती.
कालव्यातून एक डबा होडी आली,
पूल आपोआप वर गेला, कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर,
खाली कुणी नाही, वर कुणी नाही.
आणि बॉन्ने ओरडला,
माझ्याच आवाजात, माझ्या चाळिशीतल्या,
त्या खणखणीत:
हळू घ्या, हळू! पूल कुठे पळून चाललाय?

होडीवाल्यानं वेग कमी केला.
चौकीच्या बंद काचेकडे पाहून
टोपी उचलली
आणि खिसा चाचपू लागला.