मागील फरक

बिल आलं ते धुडकू नथ्थू सोनवण्यांच्या नावावर.
सासरे जाऊन अकरा वर्षं झाली,
पण वीजवाल्यांच्या लेखी ते अजून
पारोळ्यात गिरणी चालवतात
आणि दर महिन्याला वेळेवर भरणा करतात.

या खेपेला आकडा सत्याऐंशी हजार चारशे साठ.
मी आधी त्यातला टिंब शोधला,
मग चष्मा.

खाली बारीक अक्षरात : मागील फरक, महिने चौतीस.
कारण : गुणक.

गुणक म्हणजे काय, ते ऑफिसात
एका पोरसवदा साहेबाने समजावलं.
मीटर दाखवतं त्याला दोनने गुणायचं होतं, ताई.
नवीन मीटर बसवताना कोणीतरी एक लिहिलं.
‘कोणीतरी’ हा शब्द त्याने
डब्याच्या झाकणासारखा घट्ट लावला.

म्हणजे चौतीस महिने
मी निम्म्या विजेवर दळत होते
आणि उरलेली निम्मी
माझ्या पाठीमागे उभी राहून
मोजत होती.

‘मना काय गुन्हा शे, साहेब?’
घरची बोली तोंडातून निसटली.
तो म्हणाला, गुन्हा नाही, फरक आहे.
वीज तर तुम्हीच वापरली ना?

वापरली.
खोटं कशाला बोलू.
पट्टा माझाच फिरला, दगड माझेच तापले,
भुवयांवर पीठ माझ्याच बसलं.
पण किलोला पाच रुपये हा भाव
मी त्याच बिलांवरून काढला होता,
पाटीवर खडूने लिहिला होता,
आणि त्या पाटीवर विसंबून
सगळी गल्ली दादर दळून घेऊन गेली.

आता ती दादर कुठे शोधू?
तिच्या भाकरी झाल्या,
फुणके-कढीबरोबर संपल्याही.
कळण्याचं पीठ नेणाऱ्या यमुनाबाई
मागच्या पौषात गेल्या.
तडव्यांची शबनूर, डबा डोक्यावर न धरता तोलत यायची,
ती आता धरणगावला नांदते.
तिला काय नोटीस पाठवू?
माहेरी खाल्लेल्या भाकरीचा मागील फरक,
किलोला एक रुपया सत्तर पैसे,
पंधरा दिवसांत भरावा,
अन्यथा भूक खंडित करण्यात येईल.

अर्ज तीन केले.
पहिला सापडेना.
दुसऱ्याला शिक्का मारायचा राहिला.
तिसऱ्याला उत्तर आलं :
व्याज माफ, दंड माफ, रक्कम बारा हप्त्यांत.
त्यांनी ते उपकार केल्यासारखं सांगितलं,
मी ते चूक कबूल केल्यासारखं ऐकलं.
बाकी कागद उलटून पालटून पाहिला,
‘चूक’ कुठेच नव्हती.

त्याच कागदांत मीटर बसवल्याचा अहवाल निघाला.
गुणकाच्या चौकोनात
एक सरळ, स्वच्छ एक.
खाली सही, वळणदार ई.
ईश्वर बागुल.
लाइनमन.
दर शनिवारी स्टीलचा डबा घेऊन
माझ्याकडेच येतो.

आजही आला.
रांगेत मान खाली घालून उभा राहिला,
पुढच्या दोघांना आधी जाऊ दिलं.
त्यालाही कळलं असणार.
पाटीवरचा पाच मी अजून पुसलेला नाही,
दिवाळीनंतर पुसेन म्हणते,
तो त्या पाचाकडेच बघत होता.

बोलायला खूप होतं.
गिरणी चालू असताना
कोणाचं कोणाला ऐकू येत नाही,
हे एक बरं असतं.

मी काट्याचं बटण दाबलं.
रोज दाबते, प्रत्येकासाठी,
सासऱ्यांची शिस्त आहे ती,
तेव्हा तागडी होती एवढंच.

‘बघून घे, ईश्वर. शून्य आहे.’

त्याने पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग डबा ठेवला.