साडेतीन वेढे

थंडर बेला नोव्हेंबरात गॅरेजचं दार
खांद्यानेच उघडावं लागतं.
आत, माळ्यावर, अकरा पेट्या:
निळ्या, पिवळ्या, बिजागरी तुटलेली एक हिरवी,
रेइनोमामाने खरेदीच्या क्रमाने लावलेल्या.

हत्याराला घर हवं, तो म्हणायचा.
मी म्हणायचे, घर कसलं, हा तर तुरुंग मापाचा.
ड्रिल आत जाणार, पण टोक काढून ठेवूनच.
वायरचे वेढे साडेतीन.
चौथा घेतला की झाकण बसत नाही,
तीनच घेतले तर प्लग
जीभ बाहेर काढून वेडावतो.
उणे पंचवीसला कडी उघडताना
एकदा कडी हातात आली,
एकदा नख.

आणि मी शिडीवर, कुणाच्या तरी सॉनाच्या छपराशी,
बर्फ पडायच्या आत मला एक भोक पाडायचंय,
एकच.
त्यासाठी पेटी उतरवा, उघडा,
वायर सोडा, टोक शोधा,
ते नेमकं त्या टोपणाखाली जे उघडत नाही.
एका भोकासाठी एवढं सोवळं?

म्हणून मी सगळं मागच्या भिंतीला टांगलं.
खिळे मारले, आणि प्रत्येक खिळ्याभोवती
पेन्सिलने आकार गिरवला,
काय कुठलं ते कळावं म्हणून.
मामा कॉफीचा मग घेऊन बघत राहिला.
मग म्हणाला, म्हणजे तूसुद्धा
साचेच केलेस की.
मी उत्तर दिलं नाही. करवत टांगली.

पेट्या मात्र फेकू दिल्या नाहीत त्याने.
विकताना किंमत येते, म्हणे.
चाळीस वर्षांत त्याने
एक स्क्रू विकलेला नाही.

मार्चमध्ये चोर आले.
भिंतीवर जुनी ताडपत्री टाकलेली होती, धुळीसाठी.
ती कुणी उचलून पाहिली नाही.
माळ्यावरच्या अकराच्या अकरा पेट्या
त्यांनी अंधारात, न आदळता, खाली घेतल्या
आणि जाताना दार ओढून घेतलं.
खांद्याने, बहुतेक.

पोलीसबाईंनी विचारलं, आत काय होतं?
मी म्हटलं, काही नाही.
मग किती किमतीचं?
त्यांच्या अर्जात ह्याला रकाना नव्हता.
मामा हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला.
कुठेतरी, हायवेवर, कुणीतरी आशेने
कडी उघडत असेल, तो म्हणाला,
आणि आत नुसती ड्रिलची पोकळी.

मग एकदम गप्प झाला.
जिगसॉच्या पेटीत,
झाकणाला आतून, टेपने चिकटवलेली
एइलामामीच्या हातची चिठ्ठी होती:
वेइक्कोला देऊ नये. मागच्या वेळी पातं हरवलं.
मामी जाऊन नऊ वर्षं झाली.
वेइक्को तिच्याही आधी गेला.
बंदी तेवढी उठली नव्हती.

आम्ही दोघं बराच वेळ
रिकाम्या माळ्याकडे बघत बसलो.
धुळीत अकरा चौकोन होते, स्वच्छ.
मामाने ते पुसू दिले नाहीत.

मे महिन्यात मी ग्राइंडर घेतला. पेटीसकट.
पेटी कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली,
परत आणली, पिकअपमध्ये टाकली.
सध्या तिच्यात हातमोजे आहेत
आणि अर्धा पाव.
ह्यावरून कुणी काही सिद्ध करू नये.
ग्राइंडर भिंतीवर आहे.

पण परवा नेप्पाचं कुंपण लावून परतले,
ड्रिल खिळ्याला अडकवलं,
आणि दिवा मालवण्याआधी वायर गुंडाळली.
एक, दोन, तीन,
आणि हात अर्ध्यात थांबला,
झाकण लागतंय का बघायला.