बासष्ट मीटर

डॉक्टरांनी शब्द वापरला : निकामी.
हृदय निकामी होत चाललंय, डावा कप्पा सैल पडलाय.
मला हसू आलं, आणि हसण्यानं धाप लागली.
निकामी तर मी होतोच, साहेब,
वाल्परायसोच्या आमच्या टेकडीवरची तारगाडी बंद पडली
त्या दिवसापासून.

एकोणतीस वर्षं मी लोकांना वर नेलं :
पाववाल्या बायका, शाळेची पोरं, एकदा एक पियानो,
एकदा ओस्वाल्दोची शवपेटी, ती मात्र खाली.
रुळांना लागूनच जिना होता, एकशे एकसष्ट पायऱ्यांचा.
त्यावर मी कधी पाय ठेवला नाही.
कशाला ठेवेन? दांडा माझ्या हातात होता.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
सरकारी दवाखान्याचा तळमजला.
दोन पिवळे शंकू, मधे तीस मीटर फरशी.
यास्ना म्हणते, चाला. सहा मिनिटं.
थांबावंसं वाटलं तर थांबा, घड्याळ थांबणार नाही.
तिची पणजी कुठल्याशा बेटावरून बोटीनं इथं आली होती;
ती बोट अजून सुटायचीय, अशा घाईनं बोलते पोरगी.

पहिल्या दिवशी दोनशे अठ्ठावन्न.
तिनं वहीत मांडले. मी भिंतीला टेकलो,
पोटरी चाचपली. बोट दाबलं की खड्डा राहतो,
मळलेल्या कणकेत राहतो तसा.

सकाळी उठल्या उठल्या वजन. मीठ नाही.
पाणी दीड लिटर, मोजून,
त्यात सूप धरायचं, कलिंगडसुद्धा धरायचं.
रात्री तीन उशा.
हेर्मिंदा, माझी बायको, दारातूनच भांडली :
दुखावलेल्या जिवाला निजवायचं की पळवायचं?
यास्ना म्हणाली, पळवायचं नाही, बाई.
कामाला लावायचं.

सहा ते वीस असा तिचा एक तक्ता आहे.
किती दमलात? आकडा सांगा.
एकोणतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी बारा म्हणतो, कधी तेरा.
बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये,
वेग तेवढाच.
शेजारच्या सायकलवर गाल्वारिनो, जुना खलाशी,
पेडल मारता मारता शिव्या द्यायचा.
शिवी पूर्ण आली तर ठीक.
मधेच तुटली की यास्ना वेग कमी करायची.

सातव्या आठवड्यात सायकल रिकामी.
कुणी काही विचारलं नाही.
सीट त्याच्या उंचीवर तशीच होती बुधवारभर.
शुक्रवारी कुणीतरी खाली केली.

बाराव्या आठवड्यात पुन्हा फोटो काढला काळजाचा.
आधी अठ्ठावीस टक्के. आता अठ्ठावीस टक्के.
पठ्ठ्या तसूभर हलला नाही.
मग शंकू मांडले.
तीनशे वीस.
मग सुधारलं काय, मी विचारलं.
पाय, ती म्हणाली. काळजावरचं थोडं ओझं
पायांनी वाटून घेतलं.
बासष्ट मीटर जास्त, तिनं खाली रेघ मारली.

बासष्ट.
हा आकडा मी झोपेतही ओळखेन.
खालच्या दारापासून वरच्या दारापर्यंत
माझ्या रुळांची लांबी.

तिला नाही सांगितलं. हेर्मिंदाला सांगितलं.
ती म्हणाली, काहीतरीच; आणि घडीचं स्टूल शोधायला गेली.

जिना अजून संपलेला नाही.
काल चौऱ्याण्णवपर्यंत गेलो.
तिथं कठड्यापलीकडे माझा डबा उभा आहे,
गंजलेला, दारात गवत, काचेत बंदर.
मी स्टुलावर बसलो.
पावाची पिशवी घेऊन एक बाई वर चालली होती, तरुण,
मला ओळखत नसावी.
किती झाल्या, आजोबा?
मी छातीवर हात ठेवला, नीट अंदाज घेतला,
आणि खरं तेच सांगितलं :
तेरा.
तिनं खाली वाकून पाहिलं, पायऱ्या मोजल्यासारख्या,
मग माझ्याकडे,
आणि एक पाव काढून हातावर ठेवला.